पाण्याचा अलार्म आणि थांबणारा लेसर : आधी बाटली, मग मीटर, सेन्सर शेवटी

श्रावण लागला की बेळगाव, निपाणी, खानापूरच्या लेसरवाल्यांकडे मखरांच्या ऑर्डरी सुरू होतात. एमडीएफची शीट लावलेली असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि निम्म्या कापात मशीन थांबतं. पडद्यावर 'वॉटर प्रोटेक्ट', म्हणजे मशीन गार ठेवणारं पाणी नीट वाहत नाही असा इशारा. बंद करून चालू केलं की दहा-पंधरा मिनिटं बरं चालतं, पुन्हा तेच. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "सेन्सर गेलाय, दोन वायरी शॉर्ट करून टाक."

या सल्ल्याने मशीन चालू होतं यात शंका नाही. पण पाणी वाहतंय का हे बघणारा तो सेन्सर खरं बोलत असेल तर नळीचे दिवस मोजायला लागायचे. ८० वॅटचा प्रकाश देणारी काचेची सीओटू नळी त्याच वेळी साधारण ६०० वॅट उष्णता पाण्यात सोडते. पाणी मिनिटाला २ लिटर फिरत असेल तर नळीतून जाताना ते चारेक अंशांनी तापतं. धार अर्ध्या लिटरवर आली की तीच वाढ १७ अंशांवर जाते, आणि पाणी थांबलं तर इलेक्ट्रोडजवळच्या काचेला तडा जायला फार वेळ लागत नाही. सेन्सर काही शे रुपयांचा, नळी हजारोंची. म्हणून सेन्सरवर संशय घ्या, पण सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं ६० ते १०० वॅटच्या काचेच्या नळीच्या, रुईडा कंट्रोलर (मशीन चालवणारी रुईडा कंपनीची पेटी) असलेल्या मशीनला धरून आहे. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यांतल्या धातू कापणाऱ्या फायबर मशीनबद्दल पुढे थोडं वेगळं सांगितलं आहे.

कधी थांबतं ते आधी टिपा

पाना हातात घेण्याआधी एक दिवस नुसतं लिहून ठेवा : किती वाजता थांबलं, त्या वेळी काय काम चालू होतं, चिलरवर (पाणी गार करून फिरवणाऱ्या पेटीवर) पाण्याचं तापमान किती होतं, चिलर स्वतः ओरडत होता की गप्प होता. निम्मं निदान या कागदावरच होतं.

सकाळी चालू करताच अलार्म येतो आणि पाच-दहा सेकंदांत जातो, तर पाइपात हवा आहे. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइट जाऊन आल्यावरच असं होत असेल तर पंप थांबल्यावर पाणी खाली उतरतं आणि वर हवेचा कप्पा राहतो. हे बिघडलेपण नव्हे. पंप अर्धा मिनिट चालू द्यायचा, मग काम.

अर्धा-पाऊण तास चालून मग थांबतं, तर तापमानाकडे पाहा. बहुतेक सीडब्ल्यू जातीच्या चिलरच्या मागच्या अलार्म सॉकेटमधून वायरींची एकच जोडी निघते, आणि पाणी कमी वाहिलं काय किंवा पाणी तापलं काय, दोन्हींचा निरोप त्याच जोडीवरून कंट्रोलरला जातो. कंट्रोलरला फरक कळत नाही, तो दोन्ही वेळा 'वॉटर'च म्हणतो. त्यामुळे फ्लो सेन्सर बदलूनही अलार्म तसाच राहतो आणि लोक चक्रावतात. अलार्मच्या क्षणी चिलरच्या डिस्प्लेवर जो कोड असेल त्याचा फोटो काढा आणि चिलरच्या पुस्तिकेशी ताडा.

सीडब्ल्यू-३००० असेल तर आणखी एक गोष्ट समजून घ्या. त्यात कॉम्प्रेसर नाही, फक्त रेडिएटर आणि पंखा. पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम, त्या प्रत्येक अंशाला ५० वॅट उष्णता तो बाहेर टाकतो. ६०० वॅट उष्णता सतत पडली तर पाणी खोलीच्या हवेपेक्षा १२ अंश वर जाणार. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी ३६ अंश असेल तर पाणी ४८ वर. तिथे सेन्सरचा काही दोष नाही, चिलरच अपुरा आहे. ८० वॅटच्या वर नळी आणि दिवसभराचं काम असेल तर सीडब्ल्यू-५२०० च्या खाली जाऊ नये.

वेगात खोदकाम चालू असतानाच थांबतं आणि सावकाश कापताना थांबत नाही, तर हादऱ्याने कुठली तरी वायर सुटते आहे. फक्त जास्त पॉवरवर लेसर पेटताना थांबतं, तर सेन्सरची वायर हाय व्होल्टेजच्या लाल वायरीला चिकटून गेलेली असेल. शेजारी वेल्डिंग सुरू झालं किंवा मोठा कॉम्प्रेसर उठला की थांबतं, तर व्होल्टेजचा चढउतार पाहा. साध्या एसी पंपाची धार व्होल्टेज पडल्याबरोबर बारीक होते.

एक लिटरची बाटली

आता प्रवाह मोजायचा. यासाठी एक लिटरची पाण्याची बाटली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. पाच लिटरचा कॅन घेऊ नका : लहान चिलरच्या टाकीतच सहा-सात लिटर पाणी असतं, कॅन भरेस्तोवर पंप कोरडा पडेल.

लेसर पेटवायचा नाही, फक्त चिलर चालू. नळीतून परत येणारा पाइप चिलरच्या 'इन' तोंडावरून काढा आणि बाटलीत धरा. इथे बहुतेक जण एक चूक करतात : बाटली जमिनीवर ठेवतात. पाइपाचं टोक जितकं खाली जाईल तितकं पाणी वजनाने खाली ओढलं जातं आणि धार खऱ्यापेक्षा मोठी दिसते. टोक चिलरच्या तोंडाच्याच उंचीवर धरा. बाटली भरायला लागलेले सेकंद लिहा, पाणी टाकीत परत ओता, असं तीनदा करा.

१५ सेकंदांत भरली तर मिनिटाला ४ लिटर, २० ला ३ लिटर, ३० ला २ लिटर. ३० सेकंदांपर्यंत ठीक. ४० सेकंद लागले तर प्रवाह दीड लिटरवर आला, आणि मशीनवर मिळणारे बरेचसे फ्लो स्विच (हाच तो सेन्सर) एक ते दीड लिटरच्या दरम्यानच पडतात (अलार्म देतात). म्हणजे पाणी अगदी काठावर आहे. एखादा बुडबुडा आला, व्होल्टेज जरा खाली गेलं की स्विच सुटतो, पुन्हा लागतो. याच अवस्थेला लोक 'सेन्सर वेडा झालाय' म्हणतात. एक मिनिट लागत असेल तर लेसर पेटवूच नका.

ही मोजणी सकाळी गार मशीनवर एकदा आणि अलार्म आल्याआल्या एकदा, अशी दोनदा करा. दोन आकड्यांत फरक असेल तर दोष पंपात किंवा पाइपात आहे, सेन्सरपर्यंत जायची गरज नाही.

धार कमी असेल तर

एकेक भाग वगळून मोजत जायचं. चिलरच्या 'आउट' आणि 'इन'मध्ये सरळ एक मीटरचा पाइप लावा, नळी आणि सेन्सर दोन्ही बाहेर. धार तरीही कमी, तर दोष चिलरमध्ये : टाकीची पातळी, आतली जाळी, पंपाचा पंखा. धार भरपूर आली, तर आधी सेन्सर जोडून मोजा, मग नळी जोडून. ज्या जोडणीला आकडा कोसळला तिथे अडकलं आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त अडकतं ते पाण्यामुळेच. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी चिलरमध्ये ओतलं की काही महिन्यांत पाइपाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. खानापूरकडचं पाणी मऊ, तरी तेही नळीत भरायचं नाही. त्यात वीज वाहते आणि हाय व्होल्टेज पाण्यात गळतं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या. दुकानदार कधी तशाच कॅनमधून ॲसिड देतो, म्हणून लेबल वाचा. साध्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ताज्या पाण्याचा आकडा शून्य ते दहाच्या आसपास हवा. दोन-तीन महिन्यांनी पाणी बदला. ग्लायकॉल घालायची गरज नाही, आपल्याकडे पाणी गोठत नाही; ते घातलं की पाणी जड होतं आणि उष्णता कमी नेतं.

पारदर्शक पाइपावर आणि टाकीवर खिडकीतून ऊन पडत असेल तर शेवाळ हमखास. हिरवी साय जाळीवर बसते, तिथून पंपात जाते. पाइपावर काळी टेप गुंडाळली तरी बराच फरक पडतो.

आणखी एक जागा : पाइप मशीनच्या पायाखाली किंवा पत्र्याच्या कडेवर मुडपलेला असतो. गार असताना तो ताठ, दुपारी मऊ पडून चपटा होतो. दुपारीच अलार्म येणाऱ्या मशीनमध्ये हे आधी बघा.

धार चांगली, तरी अलार्म

आता सेन्सर. त्याआधी सावधगिरी. नळीच्या लाल वायरीवर हजारो व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये चार्ज राहतो. मेन स्विच बंद, प्लग बाहेर, पाच मिनिटं थांबा, आणि तरीही हाय व्होल्टेजच्या बाजूला हात घालू नका. आपलं काम फक्त बारीक वायरींचं. मशीनला खरं अर्थिंग आहे ना, हेही एकदा बघून घ्या. नुसत्या तीन पिनांच्या प्लगवर विसंबू नका.

सेन्सरच्या दोन्ही वायरी कंट्रोलरवरून सोडवा. मीटर (मल्टिमीटर) बझरवर लावा, मगरी क्लिपा वायरींना अडकवा, मग फक्त चिलर चालू करा. पाणी वाहत असताना मीटर अखंड वाजला पाहिजे. आता सेन्सरला पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोका, वायर मुळाशी हलवा. आवाज तुटला, अगदी क्षणभर जरी, तर दोष सापडला. मग पाइप सावकाश चिमटीत दाबत जा : एका ठिकाणी आवाज बंद व्हायला हवा आणि सोडताच परत यायला हवा. जिथे बंद होतो तिथे पाइप तसाच क्लॅम्पने धरून पुन्हा बाटली भरा. स्विच किती लिटरला पडतो हे असं कळतं. नेहमीची धार त्याच्या किमान दीडपट हवी. सव्वा लिटरला पडत असेल तर दोन लिटर धार पुरे. दोन लिटरलाच पडणारा स्विच तुमच्या पंपाला चालणार नाही, मग तो कितीही नवा असो.

चिलरच्या स्वतःच्या अलार्मची जोडी वापरत असाल तर तिची रीत उलटी असू शकते, म्हणजे सगळं ठीक असताना उघडी. चिलरच्या मागच्या स्टिकरवर आकृती असते, ती पाहूनच निष्कर्ष काढा.

सेन्सर उघडता येत असेल तर उघडा. झडप किंवा सरकती कांडी असलेल्या प्रकारात एक बारीक चुंबक असतो आणि बाहेर काचेचा रीड स्विच, जो चुंबक जवळ आला की लागतो. पाण्यातला गंज आणि लोखंडी भुकटी त्या चुंबकावर गोळा होते. फाउंड्रीच्या परिसरात टाकीचं झाकण उघडं राहिलं तर आणखीच. चुंबकावर काळ्या लवेसारखा चिकट थर दिसेल. त्याने कांडी अडते, कधी उघडीच, कधी लागलेलीच राहते. लागलेली राहिलेली जास्त घातक, कारण अलार्म येतच नाही. जुन्या टूथब्रशने घासा, अर्ध्या लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात वीस मिनिटं बुडवा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने धुऊन बसवा. वायरीचं टोक मात्र त्या पाण्यात जाऊ देऊ नका.

स्वस्त मशीनमध्ये एक गोल, पडदा असलेला 'वॉटर प्रोटेक्टर' येतो. तो खरं तर प्रवाह बघत नाही, दाब बघतो. नळीच्या आधी, म्हणजे पंपाच्या बाजूला बसवलेला असेल तर नळी तुंबल्यावर दाब वाढतो आणि हा बिचारा 'सगळं छान' म्हणत राहतो. परतीच्या बाजूला बसवला तर तिथे दाबच नसतो, म्हणून तो सारखा पडतो. आमचं स्पष्ट मत : तो साफ करण्यात वेळ घालवू नका, काढा आणि खरा फ्लो स्विच परतीच्या पाइपावर बसवा. परतीवर अशासाठी की तिथे पोहोचलेलं पाणी नळीतून गेलेलं असतं. मध्ये कुठे गळत असेल तरी कळतं.

तिसरा प्रकार तीन वायरींचा : लाल, काळी, पिवळी. आत चक्र फिरतं आणि पिवळ्या वायरीवर ठोके येतात. वायएफ-एस२०१ या मॉडेलमध्ये मिनिटाला २ लिटरला सेकंदाला १५ ठोके. ही पिवळी वायर कुणी थेट कंट्रोलरच्या डब्ल्यूपी (वॉटर प्रोटेक्ट) टर्मिनलला लावली असेल तर कंट्रोलरला ती सेकंदाला पंधरा वेळा 'आहे-नाही' सांगते. असा जुगाड दिसला तर शोध तिथेच संपला. मध्ये ठोके मोजून रिले ओढणारं मॉड्यूल लागतं.

वायर

सेन्सर आणि पाणी दोन्ही ठीक निघाले तर उरते वायर. वायरी परत जोडा, मीटर २० व्होल्ट डीसीवर घेऊन रुईडाच्या डब्ल्यूपी आणि जीएनडी (ग्राउंड) यांच्यात धरा. पाणी वाहताना शून्याजवळ, पाणी बंद केल्यावर ५ व्होल्टच्या आसपास. मधलाच आकडा, दीड-दोन व्होल्ट, दिसत असेल तर कुठला तरी सांधा गंजला आहे. पावसाळ्यात हे जास्त. हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २४ अंशांखालच्या प्रत्येक गार वस्तूवर दव धरतं. चिलर २० वर ठेवलेला असेल तर नळी, पाइप, सेन्सर सगळं घामेजतं आणि पाणी वायरीवरून कनेक्टरमध्ये उतरतं. पावसाळ्यात चिलर २५ वर ठेवा. आणि सेन्सरची वायर जोडणीच्या आधी एकदा खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब तिथून गळतो, आत जात नाही.

वायर हाय व्होल्टेजच्या लाल वायरीपासून निदान १५-२० सेंटिमीटर दूर न्या, मोटरच्या केबलबरोबर एकत्र बांधू नका. जाळी असलेली केबल वापरली तर जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा, दोन्हीकडे नको. पिळून टेप मारलेले सांधे कापून काढा आणि क्रिम्प करा.

पॉवर सप्लायवरही 'पी' आणि 'जी' अशी दोन टर्मिनलं असतात. काही मशीनमध्ये फ्लो स्विच कंट्रोलरऐवजी तिथे लावलेला असतो. तेव्हा पडद्यावर काहीच येत नाही. मशीनचं हेड फिरत राहतं आणि फक्त किरण गायब होतो. लेसर गेला असं समजून नळी बदलण्याआधी ही जोडी बघा.

शॉर्ट करून बघायचंच असेल तर त्याची एकच रीत आहे : काम चालू न करता, किरण न पेटवता, अर्धा मिनिट. अलार्म गेला तर दोष सेन्सर किंवा वायरीत, नाही गेला तर कंट्रोलरच्या इनपुटमध्ये. मग तार लगेच काढा. सेटिंगमध्ये वॉटर प्रोटेक्ट बंद करून ठेवणं हेही शॉर्ट करणंच आहे, फक्त दिसत नाही इतकंच.

नवा सेन्सर बसवताना

बाणाची दिशा पाण्याच्या दिशेला. सरकत्या कांडीचा असेल तर पाणी खालून वर जाईल असा उभा. आधी दहा सेंटिमीटर पाइप सरळ, लगेच वळण नको. टेफलॉन टेप सहा-सात वेढे, पण आट्याचा पहिला फेरा मोकळा सोडा. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर नवा सेन्सर दुसऱ्याच दिवशी अडकतो. नळीचं पाणी बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला आहे ना ते पाहा, नाहीतर आत बुडबुडा बसून राहतो.

फायबर मशीन असेल तर

तिथे पाण्याचे दोन फेरे असतात, एक लेसर सोर्सचा, एक कटिंग हेडचा, आणि दोन्हींचे अलार्म वेगळे. वारंवार पडणारा बहुधा हेडचा, कारण तिथला पाइप बारीक. फिल्टर बदला, हेडपर्यंतचा पाइप केबल चेनमध्ये चेपलाय का पाहा, पाण्याची वाहकता चिलरवर वाचा. सोर्सचं झाकण आपण उघडायचं नाही.

शेवटची तपासणी

दुरुस्ती झाल्यावर तासभर सलग काम करा, मग किरण न पेटवता परतीचा पाइप मुडपा. दोन-तीन सेकंदांत पडद्यावर अलार्म यायला हवा. आला नाही तर मशीन अजून दुरुस्त झालेलं नाही. अलार्म आला, पाइप सोडल्यावर गेला, की चिलरवर स्टिकर लावून तीन गोष्टी लिहा : आजची तारीख, बाटली भरायला लागलेले सेकंद, आणि पाण्याचा टीडीएस. पुढच्या महिन्यात २५ चे ३२ सेकंद झालेले दिसले तर जाळी तेव्हाच धुऊन टाका.